बेचाळीस वर्षांनी लहान चाक

मित्रांनो, मी एक जुनी काळी सायकल आहे, आणि माझे पुढचे चाक मागच्या चाकापेक्षा बेचाळीस वर्षांनी लहान आहे. केशवापुरातून जाताना शाळेची मुले त्या चाकाच्या मधोमध असलेल्या जाड चकतीकडे बोट दाखवतात आणि विचारतात, "आजोबांच्या सायकलला हे काय?" त्यांना उत्तर द्यायला कुणी थांबत नाही. म्हणून मीच सांगते.

माझे सुटे भाग दूर पंजाबातल्या एका कारखान्यात झाले आणि गोणपाटात बांधून रेल्वेने हुबळीला आले. इथल्या एका दुकानात मला जोडले. जोडणारा माणूस चाकाचा एकेक आरा बोटाने वाजवून कान लावून ऐकत असे, आणि सगळ्या आऱ्यांचा आवाज सारखा आला तेव्हाच त्याने मला बाहेर काढले. मला घ्यायला आलेला तरुण रेल्वेच्या कचेरीत नुकताच कारकून म्हणून लागला होता. त्याचे नाव गोविंद. पुढे त्याच्या मुलीने, निवेदिताने, त्याला अप्पा म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळी गल्लीच अप्पा म्हणू लागली. मीही तेच म्हणते.

अप्पांच्या घरात मराठी बोलत, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भाजीवाल्याशी दोन्ही. कन्नड पुस्तके कोपऱ्यावर मिळत. मराठी पुस्तक मात्र बेळगावहून किंवा पुण्याहून मागवावे लागे. म्हणून अप्पांनी एक रीत पाडली होती. पुस्तक एकाने मागवायचे आणि वीस घरांनी वाचायचे. त्यासाठी माझ्या कॅरिअरवर एक लाकडी पेटी कायमची बांधली होती. दर गुरुवारी कचेरी सुटली की पेटीत मासिके आणि पुस्तके भरून आम्ही निघत असू. देशपांडे नगरातली सात घरे, केशवापुरातली नऊ, आणि उणकलला चार. जुने घ्यायचे, नवे द्यायचे. मधल्या मधे लोकांची भांडणेही ऐकायची. "ह्या कादंबरीची शेवटची चार पानं कुणी फाडली हो?" "मी नाही. माझ्याकडे आली तेव्हाच नायिका अर्धवट होती."

मला त्या गुरुवारांचा अभिमान होता. पुष्कळ सायकली दूध नेतात, गॅसच्या टाक्या नेतात. गोष्टी नेणारी माझ्या माहितीत मी एकटीच होते.

वर्षे गेली. अप्पा निवृत्त झाले. वीस घरांची बारा झाली, मग सहा. कुणी गाव सोडले, कुणी जग सोडले, काहींच्या घरी वाचणारे उरले नाहीत. त्यांतल्या पाच घरांत अडचण नव्हती. ती माणसे फोनवरही वाचत, नाहीतर घरातल्या कुणालातरी आमच्याकडे पाठवत. सहावे घर सुशीलाबाईंचे होते.

सुशीलाबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. उणकलच्या तलावामागे चढावर त्यांचे घर आहे. त्या एकट्याच राहतात, स्वयंपाकाला एक बाई येते. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली. शेजारीपाजारी फार चांगले, दुखलेखुपले बघतात, सणाला होळीगी, म्हणजे पुरणपोळी, आणून देतात. पण मराठी वाचणारे त्यांच्यात कुणी नाही. त्यामुळे इतर घरी अप्पा दहा मिनिटे थांबत आणि सुशीलाबाईंकडे दीड तास. मी फाटकाशी उभी असे आणि आतून अप्पांचा वाचण्याचा आवाज येई. त्या आठवड्यात त्या घरात वाचले जाणारे तेवढेच. अप्पा चढ चढू शकले नाहीत, तर ते बंद पडणार होते.

आणि अप्पांना चढ जड जाऊ लागला होता. आधी ते उतरून मला ढकलत नेत. मग ढकलतानाही मधे एका कट्ट्यावर बसू लागले. रिक्षा करावी तर पाइप घालायला वरचा रस्ता वर्षभर खणून ठेवलेला. रिक्षावाला खालीच उतरवून देई. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी केली आणि सांगितले, चढ बंद. सायकलवरून नको, पायीही नको.

निवेदिता बेंगळूरला नोकरी करते. ज्येष्ठात ती चार दिवस आली तेव्हा हे सारे तिच्या कानावर गेले.

"अप्पा, सायकलला मोटार बसवू या."

"मदत लागते असं मी कुणाला म्हटलं?"

आतून कृष्णाबाई, म्हणजे निवेदिताची आई, म्हणाल्या, "तुम्ही कशाला म्हणाल? परवा त्या कट्ट्यावर अर्धा तास बसला होतात, ते दुधवाल्यानं मला सांगितलं."

"मी तलाव बघत होतो."

"तलावाकडे पाठ करून?"

अप्पांनी वर्तमानपत्र उघडले. निवेदिता टेप घेऊन माझ्याजवळ बसली. वाचायची सवय त्या घराण्यातच आहे; बेंगळूरला परतल्यावर तिने तीन आठवडे मोटारींबद्दलच वाचले. डॉक्टरांनाही विचारून घेतले. मोटार ओढणार असेल आणि पाय नुसते फिरवायचे असतील तर हरकत नाही, असे ते म्हणाले. "परीक्षेला बसल्यासारखी वाचतेस," असे अप्पा फोनवर चिडवत. पण रोज संध्याकाळी, आज काय वाचलेस, असे विचारतही असत.

मित्रांनो, सायकलला मोटार तीन जागी बसू शकते. पहिली चेनच्या बाजूला लटकवतात. दुसरी पायडलच्या मधोमध बसते. चढाला ती सगळ्यांत चांगली, पण तिच्यासाठी माझे अखंड चेनकव्हर कापावे लागले असते. तिसरी चाकाच्या पोटात असते. कोणती घ्यावी हे ठरवायला निवेदिता पुढच्या खेपेला मला गुरुसिद्धप्पांच्या दुकानात घेऊन गेली. गुरुसिद्धप्पा तीस वर्षे माझी पंक्चरे काढत आले आहेत. त्यांची मराठी कन्नड वळणाची, मत नेहमी ठाम, आणि अप्पांना ते सर म्हणत.

"चेनवरची नको, अक्का. लई आवाज करती. सर कसे गपचीप येतात आन् गपचीप जातात. पुढच्या चाकात बसवू. हिचा चिमटा जुन्या लोखंडाचा आहे, सोसंल."

चिमटा म्हणजे ज्याच्या दोन पायांत पुढचे चाक बसते तो भाग. इतक्या वर्षांनी त्याची कुणी स्तुती केली, हे ऐकून मला बरे वाटले.

बॅटरीचा प्रश्न मात्र अप्पांनी सोडवला. पुष्कळ बॅटऱ्या कॅरिअरवर बसतात. अप्पा म्हणाले, "ती पेटीची जागा आहे. बॅटरीला दुसरं घर शोधा." म्हणून निवेदिताने माझ्या मधल्या त्रिकोणात, तिरक्या नळीवर बसणारी निमुळती बॅटरी निवडली. मोटारही लहानच घेतली, ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढे न जाणारी. तिला लायसन्स लागत नाही आणि अप्पांना तेवढाही वेग नको होता.

खोके आले, त्यासाठी निवेदिताही आली, आणि त्यातून एक चूक बाहेर पडली. माझ्या टायरवर अठ्ठावीस इंच लिहिलेले. निवेदिताने तेच मागवले होते. नव्या चाकावरही अठ्ठावीसच होते. पण माझे टायर त्याच्यावर बसेना, सैल पडू लागले. निवेदिताचा चेहरा उतरला.

गुरुसिद्धप्पा हसले. "दोगंबी अठ्ठावीसच, अक्का. पण सख्खे नव्हेत, चुलत. जुन्या गाडीचं अठ्ठावीस येगळं, आताचं येगळं. आकडा बघून मागवायचं नसतं, रिम मापून मागवायचं."

मोठ्या कंपनीतली मुलगी आणि आकड्याने फसली, यावर अप्पा दोन दिवस खूश होते. नव्या चाकाला त्याच्या मापाचे टायर आणले. मोटारीचा अक्ष जाड होता म्हणून माझ्या चिमट्याच्या खाचा कानशीने रुंद केल्या, आणि अक्ष जागच्या जागी फिरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी आवळली. पुढे तारेचा नवा ब्रेक आला. मागचा दांड्यांचा जुनाच राहिला. पायडल फिरते आहे की नाही हे ओळखणारी एक चकती लावली. बॅटरी आणि मोटार यांच्यामधला कारभारी, म्हणजे कंट्रोलरचा छोटा डबा, सीटखाली बसला. सगळ्या तारा त्यात जातात.

आणि मग तो पहिला गुरुवार. चढाच्या पायथ्याशी अप्पा सवयीने उतरायला निघाले, मग थांबले. त्यांनी पायडल मारले. अर्ध्या क्षणाने मोटार जागी झाली, आणि मी त्यांना घेऊन खणलेल्या रस्त्याच्या कडेकडेने वर निघाले. वर पोचल्यावर त्यांनी मागे वळून चढाकडे पाहिले आणि समोर कुणी नसताना दोनदा घंटी वाजवली.

त्या दिवशी वाचन सुरू झाल्यावर सुशीलाबाई म्हणाल्या, "आज धाप लागलेली नाही तुम्हांला. मग आता स्वल्पविरामाला एवढं थांबू नका."

असे सात गुरुवार गेले. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले दिवस, असे मी म्हणेन.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक घरापुढे गाड्या धुतात. ट्रक असो, रिक्षा असो, शिवणयंत्र असो, ज्याने वर्षभर काम केले त्याला पूजेआधी आंघोळ घालायची, झेंडूचा हार घालायचा, पुढ्यात कोहळा फोडायचा, आणि दिवसभर त्याच्याकडून काम करून घ्यायचे नाही. अप्पांनी बेचाळीस वर्षांत एकदाही माझी आंघोळ चुकवली नव्हती. या वेळी तर नव्या चाकाचा पहिलाच सण. त्यांनी बॅटरी आठवणीने काढली, तिला कुंकू लावून देवघरात ठेवली. पावसाच्या दोनचार सरी मी सोसल्या होत्याच, तेव्हा पाण्याचे भय नाही असे त्यांना वाटले. काथ्याने घासून दोन बादल्या ओतल्या आणि मग बागेचा पाइप लावला. खालून, वरून, सीटखालून. पाऊस वरून पडतो, मित्रांनो. पाइपचे पाणी जोराने फटीत शिरते. सीटखालच्या डब्यात ते शिरलेले मला कळले. पण सांगणार कसे?

दुसऱ्या दिवशी दसरा होता, आणि गुरुवारही. अप्पा सोने म्हणून द्यायची बन्नीची, म्हणजे शमीची, पाने आणि पुस्तके घेऊन निघाले. चढाच्या पायथ्याशी मोटारीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. मोटारीचे आणि बॅटरीचे ओझे घेऊन चढणे तर पूर्वीहूनही कठीण. अप्पा मला ढकलत घरी परत आले. उन्हाने लाल झाले होते.

निवेदिता दसऱ्यापुरती त्या सकाळीच आली होती. संध्याकाळच्या गाडीने बेंगळूरला जायची तयारी चालली होती. तिने विचारले आणि अप्पांनी खरे ते सांगितले.

"पाइप मारलात? अप्पा, वायरी असलेल्या वस्तूवर पाइप मारतं का कुणी? एवढं वाचता, एवढं साधं कळू नये? मी पुन्हा तुमच्यासाठी काही आणणार नाही."

"चूक झाली," अप्पा म्हणाले.

"अगं, सणाचं..." कृष्णाबाई बोलू लागल्या, पण अप्पांनी हाताने त्यांना थांबवले. निवेदिता आत गेली. संध्याकाळी निघताना तिने नमस्कार केला, अप्पांनी आशीर्वाद दिला, सगळे रीतीप्रमाणे झाले. दिवाळीला आल्यावर बघते, असे ती फाटकातून म्हणाली. ती रागात तेवढी नव्हती, घाईत होती. ते मला दिसले. अप्पांना दिसले की नाही, मला सांगता येणार नाही.

मला जिन्याखाली ठेवले. त्यानंतरच्या दोन गुरुवारी अप्पा माझ्याशेजारच्या पायरीवर बसून फोनवरून सुशीलाबाईंना वाचून दाखवत होते. सुशीलाबाईंना फोनवर नीट ऐकू येत नाही. त्यामुळे अप्पा ओरडून वाचत. समोरच्या घरातल्या हेमावती गॅलरीत आल्या. "अप्पा, एन्री, काय हो, कुणाशी भांडण?" "भांडण नाही, प्रेमकथा आहे," अप्पा म्हणाले आणि पुन्हा ओरडू लागले. पण दहा मिनिटांनी पलीकडून उत्तर यायचे, "राहू द्या आता. तुमचा घसा बसला."

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी अप्पा चहा घेऊन खुर्चीत बसले, आणि उठले नाहीत.

त्यानंतरचे फारसे मला माहीत नाही. घरात पुष्कळ पाय आले आणि गेले. अप्पांनी मागवलेल्या दिवाळी अंकांचे पार्सल आले. कुणीतरी सही करून घेतले आणि माझ्या पेटीवर ठेवून दिले. त्याच्यावर धूळ बसली. माझ्यावरही बसली. टायरमधली हवा उतरली.

तेरावा झाल्यावर निवेदिता काही दिवस घरीच राहिली. पूर्वी जेवतानाही तिच्या ताटाशेजारी पुस्तक असे. आता ती पायरीवर येऊन नुसतीच बसे. एके दिवशी पार्सल उचलताना पेटीच्या झाकणाला चिकटवलेली अप्पांच्या अक्षरातली चिठ्ठी तिच्या हाताला लागली. अंक कुणाकुणाला द्यायचे ते त्यांनी आधीच लिहून ठेवले होते. तिच्यावर पाच घरांची नावे होती, आणि सहावे सुशीलाबाईंचे. निवेदिता उठली, माझा स्टँड काढला आणि मला ढकलत गुरुसिद्धप्पांकडे घेऊन गेली.

"कंट्रोलर जळाला असेल ना? नवा मागवू?"

"आधी उघडून बघू तर."

त्यांनी सीटखालच्या डब्याचे चार स्क्रू काढले. आतले पाणी कधीच वाळून गेले होते. जळले काहीच नव्हते. फक्त एका जोडणीच्या पिनांवर हिरवट गंज चढला होता. गुरुसिद्धप्पांनी तो जुन्या टूथब्रशने घासला, पिना पुसल्या, जोडणी पुन्हा दाबून बसवली आणि पुढचे चाक उचलून पायडल फिरवले. चाक आवाज न करता फिरू लागले.

"एनू आगिल्ल, बिडरी," ते म्हणाले. काहीच झालेले नाही, सोडून द्या. त्यांनी ते धीर द्यायला म्हटले.

निवेदिता फिरत्या चाकाकडे बघत राहिली. "दसऱ्याला आणली असती तर?"

"तवाबी दहा मिन्टाचंच काम." आणि मग ती हे का विचारते आहे ते त्यांच्या लक्षात आले. ते चाक हाताने थांबवून म्हणाले, "सर आले होते, अक्का. चालत. सायकल न आणता. पाणी गेलं तर मोटार मरती का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, घिऊन या की, बघतो. नको म्हणाले. निवेदितानं निवडलीय, निवेदितानं बसवलीय, तिला विचारल्याबिगर उघडायची नाही. ती दिवाळीला येतीय, म्हणाले."

निवेदिताने थांबलेल्या चाकावर हात ठेवला. गुरुसिद्धप्पांनी तिच्यासमोर स्टूल सरकवले आणि पुढची दहा मिनिटे ते माझ्या दोन्ही चाकांत हवा भरत राहिले. दोन चाकांना एवढा वेळ लागत नाही.

त्या गुरुवारी निवेदिताने पेटीत अंक भरले. बऱ्याच वर्षांनी ती सायकलवर बसत होती. पहिल्या वळणावर आम्ही दोघी एका म्हशीला घासून गेलो. पाच घरी अंक दिले. शेवटी तलाव मागे टाकून आम्ही चढाला लागलो. तिने पायडल मारले, मोटारीने हात दिला, आम्ही वर पोचलो.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी निवेदिता. गोविंदरावांची."

"हळू बोलू नकोस. तुझे वडील ओरडायचे ते बरं होतं. तुळशीचं लग्न होऊन गेलं, आणि दिवाळी अंक आत्ता येतायत होय?" मग जरा थांबून, "ये. बस. रडून झालं का तुझं?"

"नाही."

"माझंही नाही. अनुक्रमणिका वाच."

निवेदिताने अंक उघडला. सुशीलाबाईंनी एक गोष्ट निवडली. सुरुवातीला तिचा आवाज मला फाटकापाशी जेमतेम ऐकू येत होता. दोन पाने झाली आणि ती थांबली.

"मी त्यांना फार बोलले होते. दसऱ्याच्या दिवशी."

 मला वाटले, सुशीलाबाई म्हणतील, त्यांनी मनावर घेतले नसेल. त्या तसे म्हणाल्या नाहीत.

"बोलली असशील. मीही माझ्या वडिलांना एकदा बोलले होते. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. अजून आठवतं. ते जात नाही, बाळ. त्याच्या शेजारी बसून बाकीचं सगळं करावं लागतं. पुढचं पान वाच."

निवेदिता वाचू लागली. या वेळी आवाज फाटकापर्यंत नीट आला, आणि अंधार पडायला लागला तरी तो थांबला नाही.

मित्रांनो, निवेदिता आता महिन्यातले दोन आठवडे इथूनच काम करते, आणि त्या दोन गुरुवारी मी चढावर जाते. उरलेल्या दोन गुरुवारी सुशीलाबाई वाट बघतात. सगळे भरून आलेले नाही, हे तुम्हांला सांगायलाच हवे.

तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी सायकल असेल. तिला मोटार बसवायची असेल तर टायरवरच्या आकड्यावर विसंबू नका, रिम मापा. तिला धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. सण असला तरी. आणि एवढे करूनही कुणाच्या हातून तिच्यावर पाणी पडलेच, तर त्या माणसाला काही बोलण्याआधी सीटखालचे चार स्क्रू काढा. आत बघा. बहुतेक वेळा तिथे टूथब्रशने निघेल एवढाच गंज असतो.